आठवीचा वर्ग, गाइडमधले निबंध आणि एक दुमडलेलं पान

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आठवीचे दोन वर्ग माझ्याकडे आहेत, एकेका वर्गात पन्नासच्या वर मुलं. बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं आजीआजोबांकडे राहतात.

निबंध दिला की पन्नास वह्यांमध्ये एकच निबंध येतो. ‘माझा आवडता ऋतू’ म्हटलं की सगळ्यांना पावसाळाच आवडतो आणि सगळ्यांच्या पावसाळ्यात धरणीमाता हिरवा शालू नेसते. काही गाइडमधून उतरवतात, काही आता मोबाईलला विचारून. कवितेचंही तसंच. मी अर्थ सांगते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत परत देतात.

सप्टेंबरमध्ये मी ‘घरातला एक फोन’ असा विषय दिला. एका मुलानं चार वाक्यं लिहिली: ‘आईचा फोन रात्री येतो. मी आधी आजीला देतो. आजी खूप बोलते. माझ्याकडे येतो तेव्हा आई म्हणते, झोप आता, आम्हाला दोन वाजता गाडी भरायची.’ ही गेल्या हंगामातली आठवण. मला इतकं भरून आलं, की मी लगेच वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खूप कौतुक केलं. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘कोयतावाले’ म्हणालं. त्या दिवसापासून तो फक्त गाइडमधलंच लिहितो. माझं काय चुकलं?

मुख्याध्यापक म्हणतात, हे सगळे लाड नववीनंतर परवडत नाहीत, गुणांचं बघा. बोलीतले शब्द मी लाल शाईनं खोडते आणि खोडताना वाईटही वाटतं. कविता चालीवर म्हणायला सांगितली, तर मोठी झालेली मुलं लाजतात. ते सोडून द्यावं का?

एक मराठी शिक्षिका

*(पत्रातले ओळख पटण्याजोगे तपशील बदलले आहेत.)*

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण आधी त्या मुलाचं बोलू. बाकीचं थांबू शकतं.

त्यानं ती चार वाक्यं वर्गासाठी लिहिली नव्हती, तुमच्यासाठी लिहिली होती. तुम्ही विषय दिलात, तो खरा निघाला, समोरच्या माणसाला सांगावंसं वाटलं आणि त्यानं सांगितलं. तुम्ही ते न विचारता चारचौघांत नेलंत. तुमचा हेतू कौतुकाचा होता हे मला दिसतं. पण तेरा वर्षांच्या मुलाला हेतू दिसत नाही, त्याला मागच्या बाकावरचा आवाज ऐकू येतो. आता तो गाइडमधलं लिहितो ते आळसानं नाही. गाइडमधल्या वाक्यावर कुणी हसलं तरी ते त्याच्या आईवर हसणं होत नाही. त्यानं स्वतःला झाकून घेतलंय, आणि त्याच्या बाजूनं ते शहाणपणाचंच आहे.

त्याला एकटा गाठा, पण स्टाफरूममध्ये बोलावून नको. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात किंवा पाण्याच्या टाकीपाशी, उभ्या उभ्या. सरळ सांगा, ‘तुझं लिहिलेलं मी तुला न विचारता वाचलं, ते चुकलं. परत तसं करणार नाही.’ एवढंच. ‘आता पुन्हा छान लिही हं’ असं पुढं जोडू नका, नाहीतर माफी म्हणजे आणखी एक गृहपाठ होईल. तो काही बोलला नाही तरी चालेल. दोनतीन महिने लिहिलं नाही तरी चालेल. दिवाळीनंतर टोळ्या निघतील, त्याचे आईवडील जातील, तेव्हा त्याच्याकडे जरा जास्त लक्ष असू द्या, पण डोळ्यांत न येणारं. ‘कोयतावाले’ म्हणणाऱ्याला मात्र त्याच आठवड्यात वेगळं बोलवा. आरडाओरडा न करता त्याला विचारा, की ऊस तोडायला रात्री दोनला उठणारी माणसं त्यानं कधी पाहिली आहेत का. तुमच्या भागात ती त्याच्याही नात्यात सापडतील.

मग सगळ्या वर्गासाठी एक नियम करा आणि स्वतः तो कधीच मोडू नका. ज्या पानाचा कोपरा दुमडलेला असेल, ते फक्त तुम्ही वाचणार. ज्यावर आडवी रेघ मारली असेल, ते तुम्हीही वाचणार नाही, फक्त लिहिलंय एवढंच बघणार. उरलेलं वर्गात वाचायला चालेल, पण तेही आदल्या दिवशी विचारून. पहिल्या महिन्यात मुलं तुमची परीक्षा घेतील. कुणीतरी मुद्दाम रेघ मारलेल्या पानावर काहीतरी वेडंवाकडं लिहून ठेवेल आणि तुम्ही वाचता का ते बघेल. वाचू नका.

याला एक अपवाद आहे, आणि तो पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवायचा. ‘कुणी तुम्हाला मारत असेल, त्रास देत असेल, तुमचं किंवा तुमच्या बहिणीचं लग्न लहान वयात ठरवत असेल, आणि ते तुम्ही मला लिहून कळवलंत, तर मी ते पान दुमडलेलं ठेवणार नाही, मदत मागणार.’ मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) १०९८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. मुलांना खरं लिहायला सांगणाऱ्या शिक्षकाची ही तयारी आधी हवी. खरं लिहून आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट, जी मराठीच्या वर्गांत फार होते. रडवणारं लेखन आलं की आपण शिक्षक विरघळतो, त्यालाच ‘उत्कृष्ट’ शेरा देतो, गॅदरिंगला तेच वाचून घेतो. मुलं हुशार असतात. दोन महिन्यांत त्यांना कळतं की बाईंना दुःख आवडतं. मग ज्याचे आजोबा ठणठणीत आहेत, तोही आजोबा वारल्याचं लिहितो. ज्या मुलीच्या घरी सगळं बरं चाललंय, तिला वाटतं की आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाहीच. शेळीनं मास्तरांची छत्री खाल्ली, हेसुद्धा लेखन आहे, आणि ते नीट जमवणं रडवण्यापेक्षा अवघड असतं. तुमचं कौतुक दोन्हीकडे सारखं जाऊ द्या.

आता त्या चार वाक्यांकडे परत बघू, या वेळी डोळे कोरडे ठेवून. तुम्हाला भरून आलं, पण का आलं? ‘मला आईची खूप आठवण येते’ असं त्यानं कुठंही लिहिलेलं नाही. ‘आई’, ‘आजी’, ‘फोन’, ‘दोन वाजता’ एवढ्यावर काम भागवलंय. फोन आपण आधी आजीला देतो हे तो सांगून टाकतो, का देतो ते सांगत नाही. आणि शेवट आईच्या बोलण्यावर केलाय, त्यात स्वतःचं काही जोडलेलं नाही. तुम्ही बारावीनंतर मराठी घेऊन जे शिकलात, सूचकता, संयम, निवेदकाचं अंतर, ते सगळं इथं आहे, फक्त नावं नाहीत. त्याला ते ‘येत’ होतं, कारण तो घरात मोठ्यांचं बोलणं ऐकत मोठा झालाय. शाळेतल्या निबंधानं त्याला उलट शिकवलं, की लिहिणं म्हणजे हिरवा शालू.

मला तुम्हाला जे सांगायचंय ते इथंच आहे. आठवीच्या मुलाला लिहायला शिकवायचं म्हणजे त्याला आधी एक वाचक मिळवून द्यायचा. आपल्या शाळांमध्ये मुलाचं लेखन जन्माला येतं तेच परीक्षकासमोर. पहिलं वाक्य लिहितानाच त्याला माहीत असतं की हे तपासलं जाणार आहे, कळून घेतलं जाणार नाही. अशा वेळी कुणीही सुरक्षित वाक्यच लिहील. तुमच्या पन्नास पावसाळ्यांचं कारण गाइड नाही. गाइड बंद केलं तर मोबाईल आहे, मोबाईल काढून घेतला तर मोठ्या भावाची जुनी वही आहे.

म्हणून विषय असे द्या, ज्यांचं उत्तर कुणाकडेच तयार नाही. ‘माझा आवडता ऋतू’ याला गाइडमध्ये उत्तर आहे. ‘कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांत आधी कोण उठतं आणि उठून पहिलं काय करतं’ याला नाही. ‘आमच्या घरात रुसल्यावर कोण कुठं जाऊन बसतं.’ ‘घरातली एक मोडकी वस्तू, जी कुणी टाकू देत नाही.’ ‘शेवटची एसटी चुकली तेव्हा.’ ‘वीज रात्रीची आहे म्हणून वडील पाणी भरायला जातात, तेव्हा सोबत काय काय नेतात.’ विषय जितका अरुंद, तितका मुलगा आत जातो. ‘पाऊस’ या विषयावर आठवीतल्या मुलाला काही सुचत नाही, कारण त्यावर सगळंच सुचू शकतं. ‘पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की टीव्हीचा आवाज कोण वाढवतं’ हे विचारा, पेन लगेच चालायला लागेल.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तासाची पहिली दहा मिनिटं यासाठी ठेवा. वेगळी कच्ची वही. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, शुद्धलेखन विचारायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. आणि तुम्हीसुद्धा खुर्चीवर बसून त्याच विषयावर लिहायचं. हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मुलांनी आपल्या मराठीच्या बाईंना वाचताना पाहिलेलं असतं, तपासताना पाहिलेलं असतं, लिहिताना बहुधा पाहिलेलंच नसतं. तुमचं पान मधूनमधून वाचून दाखवा. त्यात खाडाखोड असेल ती दाखवा, ‘इथं मला शब्द सापडला नाही’ म्हणा. एखादा मुलगा शब्द सुचवेल. तो चांगला असेल तर तुमच्या वहीत त्याच्या देखत घाला.

शंभरावर वह्या तपासायच्या कशा, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो तुमच्या मनात असणारच. या वह्या तपासायच्याच नाहीत. रोज पाचसहा वह्या घरी न्या, सलग वाचा आणि प्रत्येकीत एक वाक्य लिहा. ‘छान’, ‘सुंदर’, ‘प्रगती आहे’ यातलं काही नको. एक खरा प्रश्न लिहा: ‘आजीनं दार का लावून घेतलं ते मला कळलं नाही. सांगशील?’ पुढच्या वेळी ते दार मुलगी आपणहून उघडते. लाल पेन या वहीला लावू नका, निळंच वापरा. बाकीचं वाचन मुलांच्या जोड्यांवर सोपवा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कोणतं वाक्य लक्षात राहिलं आणि कुठं आणखी ऐकावंसं वाटलं. चुका काढायच्या नाहीत. सुरुवातीला खिदळणं होईल, तिसऱ्याचौथ्या आठवड्यात कमी होईल.

महिन्यातून एकदा त्या वहीतलं एक पान मुलानं स्वतः निवडायचं आणि पक्कं करायचं. तेव्हा शुद्धलेखन, विरामचिन्हं, परिच्छेद सगळं शिकवा, कडकपणे शिकवा. स्वतःला जपावंसं वाटणारं पान असेल तर मुलं ऱ्हस्वदीर्घही मनापासून विचारतात. एरवी त्यांना त्याचं काय पडलेलं असतं?

आता बोलीचं. खोडू नका. तुम्हाला खोडताना वाईट वाटतं, ते वाटणं बरोबर आहे. तुमच्याच जिल्ह्यात असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या रचत गेल्या, त्यांचे पुत्र सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांची गाणी पुस्तकरूपात आली. ती आज पाठ्यपुस्तकांत आहेत, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. घरातल्या कुणी ती गाणी ‘आधी शुद्ध करून’ उतरवली असती, तर आपल्या हाती काय उरलं असतं, याचा विचार करा. त्यांची कविता शिकवायला आली, की हे मुलांना सांगा. पण ‘थोर कवयित्री’ म्हणून नको. शेजारच्या तालुक्यातली एक बाई, शेतात आणि घरात राबता राबता बोलायची, आणि पोरानं लिहून घेतलं, असं सांगा. मग विचारा, तुमच्या घरी कोण असं बोलतं?

मात्र बोलीचं प्रेम म्हणून प्रमाण मराठी सैल सोडू नका. तो त्या मुलांवर अन्यायच होईल. अर्ज, मुलाखत, परीक्षा, पुढचं कॉलेज, सगळीकडे त्यांना ती लागणार आहे, आणि शहरातल्या मुलाला ती घरातच मिळते. दोन्ही भाषा त्यांच्या हातात जाणीवपूर्वक याव्यात असं काम द्या. एकच घटना दोनदा लिहायची. गावाला चार दिवस पाणी आलं नाही, हे आधी मामाच्या गावच्या आजीला सांगायचं, अहिराणीत, जसंच्या तसं. मग तेच ग्रामपंचायतीच्या सरपंचांना अर्जात कळवायचं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वर्गात बोला: आजीला काय सांगितलं जे अर्जात नाही? राग कुठं गेला? तारीख कुठून आली? औपचारिक आणि अनौपचारिक पत्राचा तुमचा घटक एका तासात झाला, आणि कुणाच्याही बोलण्यावर लाल रेघ आली नाही. गोष्टीतल्या पात्रांचं बोलणं बोलीतच राहू द्या, निवेदन प्रमाण भाषेत घ्या. आपल्याकडचे कितीतरी चांगले ग्रामीण कथाकार असंच लिहीत आले आहेत.

कवितेच्या तासाबद्दल. तुम्ही अर्थ सांगता, मुलं उतरवतात. उलट करून बघा. पहिल्या दिवशी अर्थ सांगूच नका, कवीचा परिचयही नको. कविता दोनदा मोठ्यानं वाचा, एकदा तुम्ही, एकदा एखाद्या मुलीनं. पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा: कोणती ओळ कानात राहिली? एवढाच प्रश्न. ‘का राहिली?’ हा दुसरा. उत्तरं तोडकी येतील, येऊ द्या. दुसऱ्या दिवशी कवितेतला एक शब्द झाकून फळ्यावर कडवं लिहा आणि त्या जागी वर्गाकडून शब्द मागवा. दहाबारा शब्द येतील. मग कवीचा शब्द उघडा आणि भांडा. मुलांचा शब्द कधीकधी चांगला असतो, तसं मोकळेपणानं म्हणा. हे भांडण झालं की रसग्रहणाचे मुद्दे, आशय, भाषेचं वैशिष्ट्य वगैरे, मुलांच्या तोंडून येतात आणि तुम्हाला फक्त त्यांना परीक्षेचं नाव द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी कवीचा परिचय. तोवर मुलांना त्या माणसाबद्दल खरंच कुतूहल असतं.

अभंग आला तर तो नुसता भक्तीचा धडा म्हणून जाऊ देऊ नका. त्याची मोजणी मुलांना फार आवडते. मोठ्या अभंगाच्या चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. बोटांवर मोजत ज्ञानोबा-तुकोबांच्या ओळी तपासू द्या, कुठं अक्षर कमीजास्त होतं तेही सापडू द्या. मग सगळ्या वर्गानं मिळून फळ्यावर एक चौक जुळवायचा. उदाहरणापुरतं मी जुळवून देते:

कापसाच्या शेती । आई वेची बोंडे ।
रापलेली तोंडे । सांजवेळी ॥

थोर काही नाही. पण हा चौक जुळवताना ‘उन्हानं काळी पडलेली’ हे सहा अक्षरांत कसं बसवायचं, यावर वर्गात जो खल होतो, तो महत्त्वाचा. ‘रापलेली’ हा शब्द कुणाच्या तरी घरातून येतो. यमकासाठी खोटं लिहायचं नाही, एवढी एकच अट घाला. आठवीच्या मुलांना मुक्तछंदात ‘भावना व्यक्त करा’ म्हटलं की ती गोठतात. सहा-सहा-सहा-चार म्हटलं की कामाला लागतात, आणि काम करता करता भावना येऊन बसते.

वाचायला काय द्यावं? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शाळेच्या संगणकावर काही अंक उतरवून ठेवा. ग्रंथालयाचं कपाट कुलपात असेल तर किल्ली मागून घ्या, आणि महिन्यातून एक तास सगळी पुस्तकं वर्गातल्या सतरंजीवर पसरून ठेवा. कुणी काय उचललं त्याची नोंद ठेवू नका, त्यावर सारांश तर मुळीच लिहून घेऊ नका. वाचून झाल्यावर काही लिहावं लागतं हे कळलं, की मुलं पातळ पुस्तक उचलतात.

आणि न छापलेलं वाचन तुमच्या गावात भरपूर आहे. श्रावणात कानबाईची गाणी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गौराईची गाणी, म्हाताऱ्या बायांना अजून येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळशा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहावर आज मूळ आवाजांत ऐकता येतात. एक दोन वर्गात ऐकवा आणि मुलांना घरी पाठवा. आखाजी सुट्टीत येते, म्हणून तो सुट्टीचा अभ्यास होऊ शकतो: प्रत्येकानं एका बाईकडून एक ओवी किंवा एक गाणं, ती म्हणेल तसं, उतरवून आणायचं. खाली तिचं नाव, गाव आणि ती हे कुणाकडून शिकली ते लिहायचं, अर्थात तिला विचारून. आजीच्या तोंडचा शब्द कसा लिहायचा हे ठरवताना मुलं लिपीशी, उच्चाराशी जी झटापट करतात, ती व्याकरणाच्या कुठल्याच धड्यात होत नाही. शिवाय आईवडील कोयत्यावर गेलेल्या मुलाच्या घरी आजी असतेच. त्या कामात तो इतरांपेक्षा मागे नसेल, पुढेच असेल.

यातून वर्षाअखेर हस्तलिखित करा. छापील स्मरणिका नको, हस्तलिखितच. तुम्ही राहता त्या भागात याची जुनी वाट आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत, पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. दिवसभर शिकवून रात्री मुलांसाठी लिहिणारा माणूस तिथं होता. मुलांना वाचक हवा असतो आणि लिहून दाखवणारा मोठा माणूस हवा असतो, हे तुमच्या शेजारच्या गावात शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून दाखवलंय. संपादक मुलंच असू द्या, चांगलं अक्षर असणाऱ्यांना लेखनिक करा, चित्रं वेगळ्यांना द्या. ज्याला नाव घालायचं नसेल त्याला टोपणनाव घेऊ द्या. एकच प्रत निघेल, ती आठवडाभर एकेका घरी जाईल. ज्या घरात पेपरही येत नाही तिथं मुलीच्या हातचं पान मोठ्यानं वाचलं जाईल.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, त्यांच्यापुढे बोर्डाची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ठेवा. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या लेखी कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. म्हणजे पत्र किंवा सारांश, बातमी, जाहिरात, कथा यांपैकी दोन आणि निबंधप्रकारातलं एक लेखन. याखेरीज गद्य-पद्य विभागांतल्या ‘स्वमत’च्या कृती वेगळ्या. यातलं काहीही पाठ करून येत नाही, प्रश्न ऐन वेळी समोर येतो. कथेच्या मुद्द्यांवरून कथा फुलवायला सांगतात तेव्हा, दोन वर्षं दर आठवड्याला दहा मिनिटं लिहिलेला मुलगा आणि निबंधांची वही पाठ केलेला मुलगा यांच्यातला फरक कुठल्याही परीक्षकाला दिसतो. आठवीला तर आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात उपक्रम, कृती, प्रकल्प यांच्या नोंदी तुम्हाला तशाही कराव्या लागतात. कच्च्या वहीतलं पक्कं केलेलं पान, ओव्यांचा संग्रह, हस्तलिखितातला सहभाग, सगळं तिथं रीतसर बसतं. सरांना सांगा, वेगळा तास नको, माझ्याच तासातली दहा मिनिटं घेते. त्याला ते नाही म्हणणार नाहीत. पालकसभेत बोलायची वेळ आली तर हस्तलिखित टेबलावर ठेवा आणि पालकांना चाळू द्या, बाकी तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही.

राहिली चाल. सोडून देऊ नका, पण एकट्यानं उभं राहून म्हणायची सक्ती काढून टाका. आठवीत मुलांचे आवाज फुटत असतात, त्यांची लाज खरी आहे. बाकांच्या दोन रांगा करा, एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. चाल तुमचीच हवी असं नाही. आखाजीच्या गाण्याच्या चालीवर पुस्तकातली कविता बसते का, हे मुलींना शोधायला सांगा. भजनात किंवा बँडमध्ये वाजवणारं एखादं मूल वर्गात असतंच, त्याला बाकावर ठेका धरायला सांगा. त्या चार वाक्यांच्या मुलाला गायला सांगू नका आणि वगळूही नका, रांगेत असू द्या.